मोशेला कनान नाही, दावीदाची गादी मात्र कायम: हा न्याय मुलांना कसा समजावायचा?

मुळाकाठ

जय ख्रिस्त सगळ्यांना. राहुरीजवळच्या एका मंडळीत मी संडे स्कूलचा मोठ्या मुलांचा वर्ग घेते, आठवी ते दहावीचा. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही मोशेच्या मागे मागे चाललोय. मिसर झालं, तांबडा समुद्र झाला, सिनाय झाला, आणि आता गणनेच्या पुस्तकाच्या २० व्या अध्यायाला येऊन गाडी अडली आहे.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, तरी थोडक्यात. कादेशला पाणी नाही, लोक भांडायला उठलेत. देव मोशेला म्हणतो, काठी घे, लोकांना जमव आणि खडकाशी बोल. मोशे लोकांवरच डाफरतो, बंडखोरांनो, तुमच्यासाठी आम्ही या खडकातून पाणी काढायचं काय? आणि खडकाला दोनदा काठी मारतो. पाणी येतं, भरपूर येतं. आणि लगेच निकाल, की मी देऊ केलेल्या कनान देशात तू या लोकांना नेणार नाहीस.

वर्गातला एक मुलगा म्हणाला, "ताई, मग दावीदाचं काय? दुसऱ्याची बायको आणली, तिच्या नवऱ्याला मारवलं, तरी राजा तो राजाच. मोशेने तर नुसती काठी मारली." मी म्हटलं, दावीदाने पश्चात्ताप केला. तर म्हणाला, "विनवणी मोशेनेही केली. अनुवाद ३ मध्ये देव त्याला म्हणतो, पुरे, आता हा विषय माझ्याजवळ काढू नकोस." पोराने घरून वाचून आणलं होतं. आता ओरडायचं तरी कशासाठी!

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. आमच्याकडे एक पाहुणे उपदेशक येऊन गेले. निर्गम २० मधलं तिसऱ्या-चौथ्या पिढीचं वचन घेतलं आणि म्हणाले, ज्यांच्या घरात आजार आहे त्यांनी आपल्या आज्या-पणज्यांनी काय केलं ते आठवावं. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा धाकटा भाऊ जन्मापासून चालत नाही. ती त्या सभेला होती. तेव्हापासून वर्गात मान वर करत नाही.

तेव्हा आज्ञा मोडल्याचे परिणाम खरोखर मागे राहतात का, राहतात तर कुणावर आणि किती काळ, हे मला नीट समजून घ्यायचं आहे. "देवाचे मार्ग अगाध" एवढंच कृपया लिहू नका. ते मीही सांगू शकते.

नवीन_द्राक्षारस

ताई, एवढं अवघड नाही हो. ज्याला पुष्कळ दिलं त्याच्याकडून पुष्कळ मागितलं जाईल, लूक १२:४८. याकोबही म्हणतो की शिक्षकांचा न्याय कडक होणार. मोशे देवाशी समोरासमोर बोलणारा माणूस होता. तुमच्या-आमच्यासाठी जी काठी मारणं आहे, ते त्याच्यासाठी बंड आहे. मुलांना सांगा, मोठ्या पदाचं माप मोठं.

अश्दोदकर

शालोम ताई. मी मूळचा ठाण्याचा, बेने इस्राएल म्हणजे मराठी ज्यू, आता बरीच वर्षं इस्राएलात अश्दोदला. मराठी अजून घरात टिकून आहे, सुनेने शिकून घेतली म्हणून जास्तच.

तुमच्या विद्यार्थ्याला सांगा की त्याचा प्रश्न आमच्याकडे हजार वर्षं तरी चघळला जातोय आणि अजून एकमत नाही. मोशे रब्बेनूचं, म्हणजे आमच्या गुरू मोशेचं, नेमकं चुकलं काय? भाष्यकार राशी अकराव्या शतकात फ्रान्समध्ये म्हणाला, बोलायला सांगितलं होतं आणि त्याने मारलं. खडकाने नुसत्या बोलण्यावर ऐकलं असतं, तर लोकांनी मनाशी म्हटलं असतं, याला ना कान ना पोट, तरी हा देवाचं ऐकतो, मग आपण का नाही? तो धडा हुकला. रम्बाम, म्हणजे मायमोनिडीस, म्हणतो की चूक रागाची. देव त्या ठिकाणी रागावलेलाच नाही, वाचून पाहा. लोक तहानलेले आहेत, त्यांना पाणी दे, एवढंच तो म्हणतोय. पण लोक मोशेच्या चेहऱ्यावरून देव ओळखायचे. मोशे चिडला म्हणजे देव चिडला असं त्यांनी धरलं असणार. रम्बानला, म्हणजे नाख्मानिडीसला, हे दोन्ही पटत नाही. तो विचारतो, मारायचं नव्हतं तर देवाने काठी घ्यायला सांगितलीच कशाला? त्याला चूक दिसते ती "आम्ही काढायचं काय" यातल्या "आम्ही"मध्ये. आणि पंधराव्या शतकातला अबर्बनेल म्हणतो, खडक हे वरवरचं कारण, खरं मोशेच्या पूर्वीच्याच खात्यात काहीतरी होतं.

मला स्वतःला रम्बामचं पटतं. काय आहे, त्या अध्यायाचा पहिला पासूक, म्हणजे वचन, बहुतेक जण वाचून पुढे जातात. मिर्याम तिथे मरते आणि तिला तिथेच पुरतात. दुसऱ्या पासूकात पाणी नाही. आमचे रब्बी सांगतात की मिर्यामच्या पुण्याईने रानभर विहीर सोबत चालत होती, ती गेली तशी विहीर आटली. ते माना न माना, पण टोपलीत ठेवलेल्या तान्ह्या मोशेवर नदीकाठी नजर ठेवून उभी राहिलेली बहीण नुकतीच मातीत गेलीये, आणि दारात लोक पाण्यासाठी शिव्या घालतायत. मोशेच्या जागी मी असतो तर काठी खडकावर नसती बसली.

म्हणून त्याची चूक लहान होत नाही. पण शिक्षा झाल्यावर तो काय करतो ते मुलांना दाखवा. काम सोडत नाही. सीहोन आणि ओग या दोन राजांशी लढाया त्यानंतरच्या. अनुवादाचं अख्खं पुस्तक म्हणजे त्यानंतरची भाषणं. ज्या देशात आपण जाणार नाही, तिथे शेतात विसरलेली पेंढी गरिबांसाठी कशी सोडायची आणि गच्चीला कठडा कसा बांधायचा, हे तो माणूस लोकांना शिकवत बसलाय. मधून मधून कुरकुरतोही, तुमच्यामुळे देव माझ्यावर रागावला म्हणून. तीनदा तेच म्हणतो. माणूसच तो. मिद्राशमध्ये, म्हणजे रब्बींच्या जुन्या कथांमध्ये, आहे की त्याने ५१५ वेळा प्रार्थना केली.

आणि एक. सिम्हात तोराच्या सणाला आमच्याकडे तोराचा, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांचा, शेवटचा भाग वाचतात: मोशे नबोवर चढतो, देश पाहतो, १२० वर्षांचा होऊन मरतो, आणि त्याची कबर कुणाला ठाऊक नाही. वाचून झालं की लगेच बरेशीत, उत्पत्तीचा पहिला अध्याय. यहोशवाचं पुस्तक, ज्यात लोक नदी उतरून पलीकडे जातात, ते तोराच्या गुंडाळीत नाहीच. दर वर्षी आम्ही नदीच्या अलीकडेच थांबतो.

मुळाकाठ

अश्दोदकर काका, मिर्यामचं मी आजवर कधी जोडून वाचलं नव्हतं. मनापासून आभार. पण मग पोराचा प्रश्न आणखीच धारदार झाला की हो! बहीण गेलेला, दमलेला म्हातारा एकदा चिडला तर देश गेला. आणि धडधाकट दावीद, पोटभर जेवून दुपारची झोप काढून गच्चीवर फिरतो, त्याचं काय गेलं?

सहज_वाचक

मी ख्रिस्ती नाही, पुण्याचा, वाचनाच्या आवडीने इथे येतो. एक विचारू का, हे आपलं कर्मफळच झालं ना? केलं तसं भरलं. फरक काय?

अश्दोदकर

सहज_वाचक, फरक मला असा वाटतो की कर्मफळाला विनवणी करता येत नाही. इथे मोशे देवाशी हुज्जत घालतो, देव नाही म्हणतो, आणि नाही म्हणूनही त्याला स्वतः डोंगरावर नेऊन पश्चिम, उत्तर, दक्षिण, पूर्व दाखवतो. नाही म्हणणारा सोबत चालतोय. आणि हिशेब नेमकाही नसतो. कालेबला पाहा. कनान पाहायला पाठवलेल्या बारा हेरांपैकी दहांनी लोकांना घाबरवलं. यहोशवाबरोबर तोही खरं बोलला, तेव्हा ४० वर्षांचा होता. शिक्षा बाकीच्यांना झाली, पण रानात तोही त्यांच्याबरोबर भटकला. हेब्रोन मागायला यहोशवापुढे उभा राहिला तेव्हा ८५ वर्षांचा. त्याने काय केलं होतं?

पापडीकर

वसईहून. आमच्याकडे धर्मशिक्षणात हे लहानपणीच शिकवतात. कुमसारात, म्हणजे पापकबुलीत, पापाची क्षमा होते, पण पापाने जे मोडलं ते दुरुस्त करायचं मागे उरतंच, म्हणून फादर प्रायश्चित्त देतात. प्रॉटेस्टंट बांधवांना पुढचा हिशेब पटणार नाही, त्यात मी शिरत नाही. पण क्षमा आणि परिणाम हे दोन वेगळे विषय आहेत हे बायबलात एका ठिकाणी अगदी लागून आलंय: गणना १४. हेरांच्या वेळी मोशे लोकांसाठी मध्यस्थी करतो. विसाव्या वचनात देव म्हणतो, तुझ्या म्हणण्याप्रमाणे मी क्षमा केली आहे. आणि पुढच्या तीन वचनांत म्हणतो, पण यांच्यापैकी कुणी तो देश पाहणार नाही. क्षमा रद्द झाली असं कुठेच म्हटलेलं नाही.

निवृत्त_शिरस्तेदार

ताई, नमस्कार. मी जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेलो नाही. पण जन्मभर निकालपत्रं हाताळली, त्यामुळे एक सवय लागलीये. निकाल वाचून झाला की लोक उठून घरी जातात आणि मी पुढचे कागद बघत बसतो, अंमलबजावणी कशी झाली म्हणून. दावीदाबद्दल "त्याचं काय गेलं" असं वाटतं, कारण आपण २ शमुवेल १२ ला उठून घरी जातो. नाथान संदेष्टा आला, मेंढी चोरणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली, "तो माणूस तूच" म्हणाला, दावीदाने कबूल केलं, स्तोत्र ५१ गायलं, झालं. पुढचे आठ अध्याय कुणी उपदेशाला घेत नाही.

आधी निकाल नीट वाचू. नाथान सांगतो की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे, तू मरणार नाहीस. ही माफी आहे, आणि ती पूर्ण आहे. पण त्याआधीच त्याने सांगून ठेवलंय की तुझ्या घराण्यातून तलवार हटणार नाही, आणि तू गुपचूप केलंस ते तुझ्याविरुद्ध भर दिवसा होईल. पापडीकर म्हणतात तसंच, दोन्ही शेजारी शेजारी.

आता प्रश्न असा, की ती तलवार येते कुठून? आकाशातून पडत नाही. मला त्या अध्यायांत एकही चमत्कार सापडत नाही. सगळं घरातल्या घरात, माणसांच्या हातून घडतं.

तेराव्या अध्यायात थोरला मुलगा अम्नोन आजारी पडल्याचं सोंग करतो आणि बापाला सांगतो, बहिणीला, तामारला पाठवा, मला तिच्या हातचं खायचंय. दावीद स्वतः पोरीला निरोप धाडतो, भावाच्या घरी जा. तिच्यावर बलात्कार होतो. दोन वर्षांनी तामारचा सख्खा भाऊ अबशालोम लोकर कातरणीच्या जेवणाला बोलावतो आणि अम्नोनला पाठवा म्हणून मागे लागतो. दावीद आधी नको म्हणतो, मग पाठवतो. अम्नोनचा मुडदा पडतो. म्हणजे दोन्ही वेळा मुलांनी काम बापाच्याच हातून करून घेतलं. आठवतंय, बथशेबाच्या नवऱ्याला, उरीयाला, मारायचा हुकूम असलेलं पत्र उरीयाच्याच हाती दिलं होतं ते? ही विद्या त्या घरात कुणाकडून आली हे मी सांगायला नको.

पण या सगळ्यात माझ्या मते मुख्य वचन आहे १३:२१. तामारचं कळल्यावर दावीद राजा फार संतापला. बस्स. पुढे काहीच नाही. ना अम्नोनला बोलावणं, ना चौकशी, ना शिक्षा, ना त्या पोरीला एक शब्द. जो राजा नाथानच्या गोष्टीतल्या मेंढीचोराला मरणाची शिक्षा ठोठावून मोकळा झाला, तो स्वतःच्या पोरीसाठी तोंड उघडत नाही. का? ग्रंथ कारण सांगत नाही, पण मी सांगतो, कारण असे बाप मी साक्षीच्या पिंजऱ्याजवळ पाहिलेत. तो अम्नोनला कुठल्या तोंडाने बोलणार होता? "आणि तुम्ही काय केलंत, बाबा?" या एका वाक्याची धास्ती. माफी मिळाली होती. तोंड मिळालं नव्हतं.

हीच गोष्ट दावीदाच्या आणखी एका मुलाची, अदोनीयाची. १ राजे १:६ मध्ये जाता जाता लिहिलंय की त्याच्या बापाने त्याला कधी, हे तू असं का केलंस, एवढंसुद्धा विचारून दुखवलं नव्हतं. शेवटी तोही शलमोनाच्या हुकमाने मारला गेला.

दुसरा माणूस यवाब. ताई, मुलांना यवाबवर थांबवा. उरीयाचं पत्र वाचणारा तो. त्यात काय लिहिलंय हे जगात दोघांनाच ठाऊक, राजाला आणि सेनापतीला. त्या दिवसापासून सेनापती राजाचा नोकर राहिला नाही. अठराव्या अध्यायात, अबशालोमाने बापाविरुद्ध बंड केल्यावर, दावीद सगळ्या सैन्याच्या देखत सांगतो, माझ्या पोराला, अबशालोमाला, सांभाळून घ्या. एक साधा शिपाई त्याला झाडाला लटकलेला पाहतो आणि हात लावत नाही, हजार रुपे दिलेस तरी नाही म्हणतो, कारण राजाचा हुकूम त्याने ऐकलाय. यवाब तीन भाले घेतो आणि खुपसतो. वर राजा रडतो म्हणून राजालाच झापतो, उठ, बाहेर येऊन लोकांशी बोल, नाहीतर आज रात्री एकही माणूस तुझ्यापाशी राहणार नाही. आणि राजा मुकाट्याने उठून वेशीत जाऊन बसतो. पुढे त्याच्या जागी नेमलेल्या अमासाचं पोट यवाब रस्त्यात फाडतो आणि पुन्हा सेनापती होतो. कुणी विचारत नाही.

मरताना दावीद शलमोनाला सांगतो, यवाबाचा हिशेब पुरा कर. १ राजे २:५ काढून बघा, कारणं दिली आहेत: यवाबाने मारलेले दोघे, शौलाचा सेनापती अबनेर आणि अमासा. अबशालोमाचं नाव नाही, उरीयाचं नाही. अबशालोमाचं का नाही ते तोच जाणे. उरीयाचं नाव घेता येत नव्हतं, घेतलं तर पहिला आरोपी स्वतः.

अहीथोफेलही बघा. दावीदाचा सल्लागार, फितूर होऊन अबशालोमाला मिळतो. २३:३४ मध्ये त्याच्या मुलाचं नाव अलीयाम आहे, आणि ११:३ मध्ये बथशेबाच्या बापाचं नाव अलीयाम. दोघे एकच असतील तर तो तिचा आजोबा. ग्रंथ तसं स्पष्ट म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण राजवाड्याच्या गच्चीवर तंबू ठोकून अबशालोमाला बापाच्या उपपत्नींकडे पाठवायचा सल्ला त्याचाच. त्या दहा बायका आयुष्यभर कोंडून राहिल्या, जिवंतपणी विधवा. त्यांचा काय गुन्हा होता?

तेव्हा तुमच्या विद्यार्थ्याला सांगा, मोशेचा देश गेला आणि दावीदाची गादी राहिली हे खरं. पण दोघांपैकी कुणाचं आयुष्य घेशील असं मला विचारलं तर मी मोशेचं घेईन. मोशेची शिक्षा मोशेपाशी संपली. लोकांनी त्याच्यासाठी ३० दिवस शोक केला आणि यहोशवाबरोबर नदी उतरले, कुणाचं काही अडलं नाही. दावीदाला माफ झालं, पण त्याने केलेलं कृत्य तोवर बाकीच्यांच्या हाती पोचलं होतं. ते यवाबाच्या खिशात होतं, अम्नोनच्या डोक्यात होतं. देवाने दावीदाला माफ केलं म्हणून यवाबाने पत्र परत दिलं नाही.

नवीन_द्राक्षारस

शिरस्तेदार साहेब, वाचायला छान, पण यवाबाचा मुद्दा टिकत नाही. यवाबाने अबनेरला मारलं ते उरीयाच्या कितीतरी आधी, तिसऱ्या अध्यायात. तेव्हाही दावीद म्हणालाच होता की हे सरूवेचे पुत्र, म्हणजे यवाब आणि त्याचा भाऊ, मला भारी आहेत. तेव्हाही शिक्षा केली नाही. मग पत्राने काय बदललं?

निवृत्त_शिरस्तेदार

अचूक पकडलंत, पण तिसरा अध्याय शेवटपर्यंत वाचा. अबनेर मेला तेव्हा दावीदाने यवाबाच्या घराण्याला सर्वांदेखत शाप दिला, यवाबालाच गोणपाट नेसून शोक करायला लावलं, स्वतः तिरडीमागून चालला, उपास धरला. सगळ्या इस्राएलाला कळलं की यात राजाचा हात नाही. शिक्षा नाही केली, पण बोलला, आणि चारचौघांत बोलला. उरीयानंतर? यवाब निरोप पाठवतो तोच मुळी राजा चिडला तर काय सांगायचं हे दूताला पढवून, की उरीयाही मेला म्हण. आणि राजाचं उत्तर येतं, वाईट वाटून घेऊ नकोस, तलवार आज याला खाते, उद्या त्याला. यवाबाला दिलेला शाप आणि यवाबाची समजूत, यांच्यामध्ये ते पत्र आहे.

आता ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. मला वाटतं खरा प्रश्न तोच होता.

अकराव्या-बाराव्या अध्यायातलं दावीद आणि बथशेबाचं बाळ मरतं, ते मी लपवत नाही. मला तो भाग नेहमी जड जातो. पण हे लक्षात घ्या की ते दावीदाला संदेष्ट्याने नाव घेऊन, आधी, तोंडावर सांगितलं. ग्रंथात कृत्यापासून परिणामाकडे जाता येतं, जिथे देवाने ते सांगितलंय तिथे. उलट्या दिशेने, म्हणजे घरात आजार दिसला की मागे कुणाचं पाप होतं ते उकरायचं, हे ग्रंथात जो जो करतो त्याला चपराक बसलीये. ईयोबाच्या मित्रांनी तेच केलं. शेवटच्या अध्यायात देव त्यांना म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, आता ईयोबाकडे जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील. योहान ९ मध्ये शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल नेमका तुमच्या पाहुण्यांचाच प्रश्न विचारला, पाप याने केलं की याच्या आईबापांनी? येशूचं उत्तर, यानेही नाही आणि त्यांनीही नाही. यापेक्षा स्वच्छ निकाल मला तरी वाचायला मिळालेला नाही.

तिसऱ्या-चौथ्या पिढीचं वचन सांगणारे पुढचं वचन गिळतात, हजारो पिढ्यांवर दया करतो ते. आणि अनुवाद २४:१६ तर कायदाच आहे, बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला मारायचं नाही. अमस्या राजाने तो खरोखर पाळल्याची नोंद २ राजे १४ मध्ये आहे: बापाच्या मारेकऱ्यांना मारलं, त्यांच्या मुलांना सोडलं. यहेज्केलाने तर १८ वा अध्याय याच विषयाला दिला, कारण बाबेलच्या बंदिवासात लोक म्हणत होते की द्राक्षं आंबट खाल्ली बापांनी आणि दात आंबले आमचे.

दावीदाच्या मुलांना जे भोगावं लागलं ते खरं होतं, आणि ते मी वर लिहिलंच. बापाने घर जसं करून ठेवलं त्यात मुलं वाढतात. दारू पिणाऱ्याच्या घरात हे रोज दिसतं. पण पोराचे पाय जन्मापासून चालत नाहीत त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही, आणि तसं सांगणाऱ्याने आधी आपण नाथान आहोत याचा पुरावा दाखल करावा.

पापडीकर

यात माझीही एक भर, त्या मुलीसाठी. गणना १६ मध्ये कोरहाने मोशेविरुद्ध बंड केलं आणि जमिनीने गिळलं. सगळे समजतात वंश संपला. दहा अध्याय पुढे, २६:११ मध्ये, एका ओळीत लिहिलंय की कोरहाचे मुलगे मात्र मेले नाहीत. आणि स्तोत्रसंहितेत कितीतरी स्तोत्रांच्या वर लिहिलंय: कोरहाच्या मुलांचं. हरिणी जशी पाण्यासाठी धापा टाकते ते ४२ वं त्यांचंच. ८४ वंही. आमच्याकडे मिस्सात ते गातात, आणि कोरह कोण हे गाणाऱ्यांपैकी फारशा कुणाला माहीत नसतं.

अश्दोदकर

पापडीकर, शाब्बास. शब्बाथच्या जेवणाला नातवंडांना हेच सांगणार आहे.

शिरस्तेदार, तुमच्या यादीत एक जोडा. २ शमुवेल २३ मध्ये दावीदाच्या शूर वीरांची नावं आहेत, एकूण ३७. यादीतलं शेवटचं नाव उरीया हित्ती. आणि १ राजे १५:५ मध्ये दावीदाची एवढी स्तुती केली आहे, जन्मभर देवाची आज्ञा सोडली नाही म्हणून, आणि तिथेच पुढे: उरीया हित्तीच्या प्रकरणाशिवाय. लिहिणाऱ्यांनी राजा मेल्यावरही ते खोडलं नाही.

मुळाकाठ

सगळ्यांचे आभार. आमच्या पाळकांना हे सगळं वाचून दाखवलं. उपदेशकांच्या सभेबद्दल ते स्वतः त्या मुलीच्या घरी जाऊन बोलणार आहेत, योहान ९ घेऊन.

वर्गाचं असं ठरवलंय. येत्या रविवारी गणना २० पहिल्या वचनापासून, मिर्यामपासून. त्यानंतरच्या रविवारी गणना १४ आणि कालेब. दावीदाला दोन रविवार लागतील. शिरस्तेदार काका, तेरावा अध्याय आठवीच्या मुलांपुढे कसा घ्यायचा हे मात्र कळत नाही. गाळला तर तुमचा सगळा मुद्दाच जातो.

निवृत्त_शिरस्तेदार

गाळू नका. आठवीची मुलं मोबाईलवर काय काय बघतात ते आपल्याला माहीत नाही असं समजू नका. पण तपशिलात जायची गरज नाही. "अम्नोनने तामारवर अत्याचार केला" एवढं एक वाक्य पुरतं. मुली-मुलांना एकत्रच बसवा. मग १३:२१ एकाला मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा, राजाने आता काय करायला हवं होतं? उत्तरं फळ्यावर लिहा. यवाबाचं पुढच्या रविवारी, २०:१० पर्यंत. वेळ उरला तर १ राजे २ घ्या, पण बनाया यवाबाला वेदीपाशी मारतो तो भाग लांब आहे, तो घरी वाचायला द्या. आणि ज्या पोराने अनुवाद ३ वाचून आणलं होतं त्यालाच पुढच्या वेळी प्रश्न काढायला सांगा, तुमचं काम निम्मं होईल.